फिजिक्सवाली सून आणि आभाळातला टग

हसणार नसाल तर सांगते. नाही, तुम्ही हसणारच, माहीत आहे मला. पण निदान चहा खाली ठेवून हसा, ठसका लागेल. गोष्ट अशी आहे की एका शब्दापायी मी भर सोसायटीसमोर, सासू, सासरे, नवरा आणि एक प्राध्यापक यांच्या साक्षीनं जी काही माती खाल्ली आहे, तिची चव अजून तोंडात आहे. आणि तो शब्द तरी कोणता? "होईल." बस्स, तीन अक्षरं!

पण आधी थोडं मागं जायला हवं. माझ्या लग्नाला आता कुठे नऊ महिने होताहेत. बघण्याच्या कार्यक्रमात माझ्या होणाऱ्या सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, एकच प्रश्न विचारला होता. "मुलगी बी.एस्सी. आहे म्हणता. विषय कोणता?"

माझ्या हातात चहाचा ट्रे होता. ट्रे हातात असताना मुलगी बोलत नाही, इतरच बोलतात. स्थळ आणणाऱ्या माझ्या मावशीला कुठून तरी कळलं होतं की मुलाच्या वडिलांना यंत्रांचं आणि आकाशाचं भारी वेड आहे. तिनं बेधडक सांगितलं, "फिजिक्स!"

माझा विषय बॉटनी. वनस्पतिशास्त्र! फिजिक्सशी माझा संबंध बारावीला सुटला, तोही दोन्ही बाजूंना हायसं वाटून.

मी वडिलांकडे पाहिलं. ते पंख्याकडे बघत होते. आईकडे पाहिलं, तर ती बशीतली बिस्किटं सारखी करत होती. आणि अण्णांचा चेहरा असा उजळला होता की काय सांगू! "फिजिक्स! वा, वा! आमच्या घरात फिजिक्स!"

"लग्नानंतर सांग हळूच," आई नंतर म्हणाली. विहारात लग्न लागलं, मी भाईंदरला इंद्रलोकमधल्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आले आणि 'हळूच' काही सापडेना. तुम्हीच सांगा, कोणत्या वेळी सांगायचं असतं? सकाळी सांगावं तर ह्यांची ऑफिसची घाई. दुपारी आईंची, म्हणजे सासूबाईंची झोप. आणि संध्याकाळी अण्णा हातात काहीतरी घेऊन माझ्यासमोर उभे असायचे.

"मेघना, फिजिक्सच्या दृष्टीनं सांग. कुकरची शिट्टी आज उशिरा का झाली?"

"दाब, अण्णा."

"बरोब्बर!"

मी तीन शब्दांवर संसार चालवत होते. दाब, घर्षण आणि गुरुत्वाकर्षण. कोणताही प्रश्न आला की तिघांपैकी एकाला पुढे करायचं. पावसाळ्यात बाथरूमचं दार बसेना, तेव्हा मी "घर्षण" म्हटलं. खरं तर लाकडाच्या पेशी पाणी पितात म्हणून दार फुगतं, हे मी झोपेतही सांगितलं असतं. पण ते बॉटनीत मोडतं ना! म्हणून खरं उत्तर गिळलं आणि खोटं दिलं. मनात मात्र एकच घोर. हे फसवणुकीत धरलं तर? माझ्या वडिलांना बोलावून घेतलं तर? "मुलगी खोटं सांगून दिलीत" असं कुणी त्यांना तोंडावर म्हटलं तर? नुसत्या विचारानं पोळी करपायची.

आता अण्णांबद्दल सांगते. ते मुंबई बंदरात टगवर सारंग होते. टग म्हणजे आकारानं लहानशी पण दांडगी बोट. मोठाली जहाजं धक्क्याला लावायची तर ती स्वतः वळू शकत नाहीत, मग टग त्यांना दोर लावून ओढत आणतो. अशा टगवरच्या खलाशांचा मुकादम म्हणजे सारंग. तीस वर्षं ते काम केलं आणि रिटायर होऊन इथे आले. ह्यांनी मला सांगितलं होतं, रिटायर झाल्यावर अण्णा वर्षभर खिडकीकडे तोंड करून बसायचे. दाढीसुद्धा करायचे नाहीत.

त्या दिवशी सकाळी मी पोळ्या लाटत होते. अण्णा वर्तमानपत्र घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आले.

"हे वाचलंस? परदेशातला उपग्रह सोडला, तो खालच्याच कक्षेत अडकला. त्याला वर नेणारं त्याचं स्वतःचं इंजिन पेटलंच नाही. आणि हे लिहितात, उपग्रह निकामी! अरे, निकामी कसा? जहाजाचं इंजिन बंद पडलं तर आपण जहाज निकामी म्हणतो का? टग बोलवायचा! आभाळात एक टग ठेवून द्यायचा. कुणी खाली अडकला की गेला टग, लावला दोर, नेला वर, परत आला. काय मेघना? तुझं फिजिक्स काय म्हणतं? होईल की नाही?"

माझ्या तीन शब्दांपैकी एकही बसत नव्हता हो! लाटणं हातात तसंच राहिलं. अण्णा बघताहेत. आई बघताहेत. "नाही" म्हटलं तर "का नाही" विचारतील. "माहीत नाही" म्हटलं तर संपलंच.

"होईल," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी दाढी केली. दोनशे पानी वही आणली, तिच्यावर लिहिलं 'अवकाश टग', आणि ती माझ्या हातात दिली. "तेल किती लागेल तेवढं तू काढ. बाकी दोराचं मी बघतो."

मग माझ्या दुपारी सुरू झाल्या. आई झोपल्या की मी माळ्यावरून ह्यांचं बारावीचं फिजिक्सचं पुस्तक काढायचे, पाककृतींच्या मासिकात घालून वाचायचे. चोरून काय वाचावं नव्या नवरीनं? कक्षेतला वेग! पुस्तकात लिहिलं होतं, उपग्रह जितका वर तितका त्याचा वेग कमी. म्हटलं, मग सोपं आहे की! वर न्यायला इंजिन कशाला, ब्रेक मारला की झालं. पुढच्या पानावर कळलं की ब्रेक मारला तर तो खाली येतो. मी पुस्तक मिटलं आणि दोन ग्लास पाणी प्यायले.

एक गोष्ट मात्र डोक्यात शिरली. टगला स्वतःला जायला तेल हवं, उपग्रह ओढायला तेल हवं, परत यायला तेल हवं, आणि हे सगळं तेल वाहून न्यायला आणखी तेल हवं. घाबरत घाबरत अण्णांना सांगितलं. वाटलं, आता तरी नाद सोडतील.

"आमचंही तसंच होतं!" अण्णा खूश. "टगच्या पोटात निम्मं तेलच. तू अगदी बरोबर चालली आहेस!"

एका रविवारी मी हिंमत करून ह्यांना म्हटलं, "अहो, मला जरा सांगायचं होतं. ते फिजिक्सचं…"

"अगं, मीच सांगणार होतो तुला," हे म्हणाले. "अण्णा काय खूश आहेत, बघतेयस ना? रिटायर झाल्यापासून पहिल्यांदा रेडिओबरोबर गुणगुणताहेत. तुझ्यामुळे चाललंय सगळं."

आता ह्याच्यावर माणसानं काय सांगावं? आधी एका खोट्याची भीती होती. आता त्या खोट्यावर एक म्हातारा माणूस गुणगुणत होता.

मग तारोडीची फेरी झाली, उत्तनकडच्या किनाऱ्यावरच्या गावाची. तिथे पास्कू राहतात, अण्णांच्या टगवर खलाशी होते, आता किनाऱ्यावर जाळी दुरुस्त करतात. उत्तनच्या बसनं अण्णा मला घेऊन गेले. 'आमची फिजिक्सवाली सून' म्हणून ओळख करून दिली. समोर समुद्रात एक होडी बंद पडलेल्या दुसऱ्या होडीला ओढत आणत होती. दोर सैल पडायचा, मग एकदम ताठ व्हायचा, की मागची होडी हिसडा खायची. अण्णांनी योजना सांगितली. पास्कूंनी सुई थांबवली.

"सारंग, त्या उपग्रावर मानूस हाय का?"

"नाही रे. कोण असणार तिथे?"

"मंग दोर कोन घेनार? आपन दोर फेकायचो, जहाजावरचा खलाशी घ्यायचा, खुंटाला बांदायचा. वर खुंट न्हाय, खलाशी न्हाय. आनि ह्यो झटका बघितलाव? जाड दोर तुटतो. न्हाय व्हनार."

तीस वर्षांच्या अनुभवानं माणूस बोलत होता. अण्णांचा चेहरा खर्रकन उतरला. किती सोपं होतं! मी नुसती मान हलवायची होती. "पास्कूकाका बरोबर सांगताहेत" एवढंच म्हणायचं होतं. टग तिथल्या तिथे वाळूत रुतला असता आणि मी सुटले असते!

अण्णा माझ्याकडे वळले. "काय मेघना?"

त्यांचे डोळे… जाऊ दे. माझ्या तोंडून निघालं, "होईल."

पास्कूंनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. मग सुई पुन्हा जाळ्यात घातली. "पोर शिकलेली हाय. मंग व्हईल."

बसमध्ये अण्णा म्हणाले, "आता हे लोकांसमोर मांडायचं."

सोसायटीचा वर्धापनदिन जवळ आला होता. सेक्रेटरींना दरवर्षी त्याच फुगडी आणि संगीतखुर्चीचा कंटाळा आला असणार, ते लगेच तयार झाले. तिसऱ्या दिवशी मी भाजी घेऊन येते, तर खालच्या फळ्यावर खडूनं ठळक: 'आभाळातला टग – व्याख्यान. शंकासमाधान: सौ. मेघना, बी.एस्सी. (फिजिक्स)'.

पिशवीतली गवार जिन्यात सांडली. भर दुपारी, कुणी नाही असं बघून, मी ओल्या रुमालानं तो कंस पुसून टाकला. मोठाच पराक्रम वाटला. संध्याकाळी खाली आले तर वॉचमननं तो रंगीत खडूनं पुन्हा लिहिला होता, आधीपेक्षा मोठा, भोवती फुलं काढून! "मॅडम, किसी बदमाश ने मिटाया था," तो म्हणाला. "आपका नाम मैंने बचा लिया."

आणि वरून अण्णांची बातमी. "बेव्हर्ली पार्कमधून कर्णिक सर येताहेत. रिटायर्ड प्राध्यापक आहेत, फिजिक्सचे! मुद्दाम तुझ्यासाठी बोलावलंय. तुमचं दोघांचं छान जमेल."

त्या आठवड्यात मला ताप आणायचा मी फार प्रयत्न केला. येत नाही हो, हवा तेव्हा येत नाही.

रविवारी संध्याकाळी गच्चीवर सतरंज्या पडल्या. चाळीसएक माणसं. आमचे हे पहिल्या रांगेत, आई त्यांच्या बाजूला, आणि एका खुर्चीवर पांढऱ्या शर्टातले कर्णिक सर. अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून उभे राहिले. टेबलावर घरातली इस्त्री ठेवलेली, तो टग, आणि स्टीलचा डबा, तो उपग्रह. मध्ये सुतळी. खोटं कशाला बोलू, अण्णा फार सुंदर बोलले. टगवरची हाक, दोराचा आवाज, धुक्यात जहाज शोधणं, सगळं डोळ्यांसमोर उभं केलं. मीसुद्धा क्षणभर घाबरायचं विसरले.

समोरच्या हंसाबेननी हात वर केला. "अंकल, ये आपका टग बार बार जाएगा, तो पेट्रोल कहाँ भरेगा? उपर पंप है क्या?"

सगळे हसले. अण्णा हसले नाहीत. "बहोत सही सवाल है, बेन. सूनबाई ने यही निकाला है. तेल को ले जाने को भी तेल लगता है. तो या तो तेल का टँकर उपर भेजो, या टग एकही बार वापरो."

कर्णिक सरांनी मान डोलावली. मग चष्मा काढला. चष्मा काढणारे प्राध्यापक वाईट असतात, हा माझा कॉलेजातला अनुभव आहे.

"तुमची कल्पना मला आवडली," ते म्हणाले. "पण उपग्रहाला धरायला कडी नसते. शिवाय तो कदाचित गरगर फिरतोय. त्याला पकडणार कसं? आणि पकडल्यावर पहिला हिसडा बसेल, त्याचं काय? तिथे मोडतं हे सगळं गणित."

पास्कूंचाच प्रश्न, नुसता चष्मा लावलेला. अण्णा अजिबात घाबरले नाहीत. "ह्याचं उत्तर माझी सून देईल. तिनं मला दोनदा सांगितलंय, होईल म्हणून."

चाळीस माना माझ्याकडे वळल्या.

मी उठले कशी, आठवत नाही. दाब, घर्षण, गुरुत्वाकर्षण, तिघंही ऐन वेळी पळाले. डोक्यात फक्त एक हिरवं काहीतरी वळवळत होतं. आणि मी बोलायला लागले.

"कारल्याच्या वेलीला बारीक तंतू असतात ना सर, तसा हात टगला द्यायचा. त्या तंतूला तरी कुठे कडी लागते? तो हवेत चाचपडत फिरतो. काठीला नुसता स्पर्श झाला की आतली बाजू हळू वाढते, बाहेरची भराभर, आणि तो स्वतःच काठीभोवती गुंडाळतो. समोरून कुणी धरायला नको! मग मधला भाग स्प्रिंगसारखा वळतो. गंमत म्हणजे निम्मा उजवीकडे आणि निम्मा डावीकडे, त्यामुळे पीळ पडत नाही. कितीही वारा सुटला तरी तंतू तुटत नाही, ताणला जातो आणि परत येतो. हिसडा सगळा तो खातो."

माझ्या आयुष्यात मी एवढं सलग बोललेले नाही. आमचे हे तोंड उघडं टाकून बघत होते. कर्णिक सर खुर्चीत पुढे सरकले.

"वा! हे मला सुचलं नसतं. कुठे वाचलंत?"

भीती उतरली होती हो. तिथेच घात झाला! "वाचलं नाही सर, टी.वाय.च्या प्रॅक्टिकलला स्वतः कापून मायक्रोस्कोपखाली बघितलंय. मोमॉर्डिका कॅरॅन्शिया. कूळ क्युकर्बिटेसी. काकडी, भोपळा, दोडका सगळे त्याच कुळातले."

"फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला?"

"नाही सर, बॉटनीच्या."

आपण काय बोललो ते मला कळायच्या आधी हंसाबेनना कळलं. त्यांनी गालावर हात ठेवला.

"मग फिजिक्स?" सरांनी हळूच विचारलं.

"बारावीपर्यंत," मी म्हटलं. आता लपवायला राहिलंच काय होतं? "छत्तीस मार्क."

अण्णांनी टेबलावरची इस्त्री उचलली, डबा उचलला, सुतळी गुंडाळली आणि जिना उतरून गेले.

मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिले. मनात बॅग भरूनही झाली होती. कोणती साडी घालून जायचं, वडिलांना दारात काय सांगायचं, सगळं ठरलं. आई खाली विळीवर मेथी चिरत बसल्या. हे दाराशी उभे. मग अण्णा आत आले. बसले नाहीत.

"बॉटनी?"

"हो, अण्णा. मावशी चुकीचं बोलली आणि मी गप्प बसले. माझ्या वडिलांना काही बोलू नका. चूक माझी आहे."

"ते राहू दे. मला एकच सांग. 'होईल' कशावरून म्हणालीस? दोन्ही वेळा?"

"भीतीनं."

"कोणाच्या?"

"तुमच्या."

अण्णांनी ह्यांच्याकडे पाहिलं, आईंकडे पाहिलं. ह्या घरात आपल्याला कुणी घाबरतं ही त्यांना अगदी नवीन बातमी होती. मग ते स्टुलावर बसले.

"टगवर अंदाज चुकलेला चालतो, मेघना. सगळ्यांचाच चुकतो. पण भीतीनं 'होय' म्हणणारा माणूस मी कधी दोरावर ठेवला नाही. दोर तुटला की दुसऱ्यांचे हात जातात. पुढच्या वेळी नाही तर नाही म्हणायचं. तोंडावर."

"हो."

"आता सांग. टग होईल?"

मी श्वास घेतला. "मला माहीत नाही, अण्णा."

"हां! हे बरं वाटलं." मग मिशीतल्या मिशीत म्हणाले, "पण त्या सरांचा चेहरा बघितलास? तंतू ऐकल्यावर? एवढे फिजिक्सचे प्राध्यापक, कारल्यानं गप्प केले! असं कर, मला तो तंतू प्रत्यक्ष बघायचाय. उद्याच बाल्कनीत एक कारल्याचा वेल लाव."

मला रडू फुटणारच होतं, आनंदाचं. तेवढ्यात आईंनी विळी बाजूला सारली.

"थांबा. मला विचारू दे आधी. का गं, बॉटनी म्हणजे झाडांचंच शास्त्र ना?"

"हो, आई."

"ते झाडं जगवायला शिकवतात ना त्याच्यात?"

"हो… म्हणजे, तसंच काहीसं."

"अगं मग माझा मोगरा कुणी मारला? कढीपत्ता कुणी मारला? नऊ महिने माझ्या कुंड्यांना तू पाणी घालतेयस, एक पान राहिलं नाही बाल्कनीत! कोरफड गेली गं, कोरफड! जिला पाणीच लागत नाही ती! आणि मी आपली सगळ्या बिल्डिंगला सांगत फिरतेय, जाऊ द्या हो, तिला काय कळणार, फिजिक्सवाली आहे बिचारी!"